गासडीतली वेणी

सुवर्णा नवी नवरी होऊन वडगाव रासाईला आली, तेव्हा तिची वेणी कमरेखाली लोंबायची. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली ती. वडील रेल्वेत गँगमन, आणि आईला एकच हौस, पोरीच्या केसांची. माप लवंडून सुवर्णा आत आली, देवाच्या पाया पडली, आणि सगळ्या बायकांदेखत सासू विठाबाई पुढं झाली. आता तोंडात साखर घालील असं तिला वाटलं. पण सासूनं तिची वेणी मुठीत धरली, गरागरा गुंडाळली आणि आपल्या डोक्यातले आकडे काढून वर घट्ट बसवली.

"या घरात येणी सोडायची न्हाई," विठाबाई म्हणाली. "कवाच न्हाई."

भोवतीच्या बायकांपैकी कुणी हसलं नाही, कुणी 'का गं' म्हणून विचारलं नाही. त्या गप्प बसण्याचंच सुवर्णाला जास्त भय वाटलं.

कारण पुढं नवऱ्याकडून कळलं, तेही तुटक-तुटक. रविराजला एक थोरली बहीण होती, अनिता. त्या काळी गावात सगळेच बाजरीच्या कडेनं अंबाडी लावायचे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ती काढायची, पेंढ्या बांधायच्या आणि भीमेच्या कडेला, धार संथ असते तिथल्या डोहात दगडांखाली बुडवून ठेवायच्या. साल कुजून काडीपासून सुटली की पाण्यात उभं राहून वाख, म्हणजे सालीचे धागे, सोलायचा. घरची दावी, कासरे त्याच वाखाचे. उरला तो शिरूरच्या व्यापाऱ्याला. कुजणीच्या दिवसांत पाणी काळं पडायचं आणि वास पार गावठाणापर्यंत यायचा. त्या डोहात आसरा राहतात, असं बायका म्हणायच्या. पाण्यातल्या बायाच त्या. त्यांची ओटी भरल्याशिवाय कुणी पाण्यात पाय घालत नसे.

ओटी त्याही वर्षी भरली होती. पेंढ्या कितपत कुजल्यात ते बघायला अनिता डोहात उतरली. एक दगड घसरला, पेंढ्या पालटल्या, आणि तिची लांब वेणी पेंढ्या बांधलेल्या दोरात गुंतली. तिचा बाप हौसराव काठावरच होता. त्यानं उडी टाकली. त्या काळ्या पाण्यात गाठ दिसेना, हाताला सुटेना. शेवटी कमरेचा विळा काढून त्यानं वेणीच कापली. पोर वर आली, पण तोवर सगळं संपलं होतं.

घर सुतकात बसलं. डोहातल्या पेंढ्या भावकीनं काढल्या, सोलल्या, वाख वाळवून व्यापाऱ्याला घातला. वेणी मात्र कुणाला सापडली नाही. विठाबाईच्या मनानं घेतलं, की ती वाखाबरोबरच गेली.

"माझ्या लेकीची येणी बाजारात फिरतीय," ती म्हणायची. "कुणाच्या दोरात वळली आसंल, कुणाच्या हिरीवर लोंबत आसंल. पोरगी जाळली, पर आख्खी कुठं जाळली?"

घरात नवा दोर आला की ती दारात बसून त्याचे पीळ उलगडून बघायची. हौसरावानं पुन्हा कधी अंबाडी पेरली नाही. आणि लेकीचं नावही त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नाही. सुवर्णाला मुलगी झाली, अनुपमा, तर तिचे केस खांद्याला टेकले की आजी कात्री घेऊन हजर. पोरगी रडायची, सुवर्णा आत जाऊन भांडी घासायला घ्यायची. त्या घरात अनिता मेलेली होती, पण गेलेली नव्हती. नांदायला आलेल्या माणसानं तिच्यासाठी थोडं सरकून घ्यायचं, एवढंच.

सुवर्णा बी.कॉम. होती. अनुपमा शाळेत जायला लागली तशी तिनं शिक्रापूरला सोपानराव म्हणून एका उद्योजकाच्या कारखान्यात नोकरी धरली. न्हावऱ्यापर्यंत स्कूटी, पुढं कंपनीची गाडी. मोटारींच्या दारांच्या आत बसवायचे तागाचे जाड थर तिथं बनायचे, आणि त्यासाठी लागणारा कच्चा ताग बांगलादेशातून बोटीनं यायचा. त्याची कागदपत्रं सुवर्णाकडं आली. कस्टमच्या एजंटाकडचा सुमित म्हणून तरुण होता. त्यानं तिला पहिल्या दिवशीच बजावलं, "मॅडम, कस्टमवाल्यांना माल दिसत नाही, नाव दिसतं. नाव चुकलं की माल अडकला."

जगातल्या प्रत्येक जिनसेला त्यांच्या पुस्तकात एक घर होतं, आणि त्या घराला आकडा. जवसाच्या वाखाचं घर वेगळं, भांगेच्या वाखाचं वेगळं. घायपात आणि नारळाचा काथ्या तिसऱ्याच घरात. आणि ताग, अंबाडी, सन हे सगळे सालीतून निघणारे एका छपराखाली. त्यातही दोन खोल्या. नुसता कुजवून सोललेला कच्चा वाख एका खोलीत. तोच पुढं यंत्रावर विंचरून साफ केला, की दुसऱ्या.

"विंचरून?" सुवर्णानं विचारलं.

"हो. केस विंचरतात तसंच. मग तो कच्चा राहत नाही."

त्या संध्याकाळी तिनं सहज घरी सासूला सांगितलं, की आत्या, सरकारच्या पुस्तकात ताग आन् अंबाडी एकाच घरात राहतात. विठाबाई शेंगा फोडत होती. तिचा हात थांबला.

"आन् माणसाचे केस?" तिनं विचारलं.

सुवर्णाला वाटलं, नसेल असलं काही. दुसऱ्या दिवशी तिनं पुस्तक चाळलं, तर होतं. माणसाचे केस, न कमावलेले. पार सुरुवातीच्या पानांत, जनावरांच्या हाडांच्या आणि पिसांच्या शेजारी. तिनं घरी येऊन तसं सांगितलं. सांगायला नको होतं असं नंतर वाटलं, कारण विठाबाईचा चेहरा एकदम उजळला.

"मंग कुणीतरी बघितलं आसंल तिला," ती म्हणाली. "कुठंतरी लिवलं आसंल."

त्यानंतर दोन वर्षांनी तागाचा एक माल अडकला. कंटेनर बंदरात उघडला, आणि तिथल्या कस्टमच्या साहेबाला ताग जरा जास्तच सरळ, जास्तच चकाकता वाटला. कागदावर 'कच्चा' लिहिलंय, पण हा विंचरलेला दिसतो, असं त्याचं म्हणणं. नमुना तपासणीला गेला. माल शिक्रापूरला न्यायची परवानगी मिळाली, पण निकाल येईपर्यंत हात लावायचा नाही या अटीवर. तागाचे दाबून बांधलेले गठ्ठे, म्हणजे गासड्या, मागच्या शेडमध्ये रचल्या आणि दाराला सील लागलं.

महिना उलटला तरी निकाल नाही. शेडजवळून जाताना आतून आवाज यायचा, कुर्रर्र, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा. दाबून बांधलेल्या गासड्या हवा लागली की फुगतात, पट्ट्या ताणतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी हमालांनी त्या भिंतीला डबे खायला बसणं सोडलं. सुवर्णालाही तिकडून जाताना वास यायचा. कुजलेल्या पाण्याचा, गोडसर, जुना. भीमेच्या त्या डोहाकडं ती लग्नानंतर एकदाच गेली होती. ती गेली तेव्हा तिथं वास नव्हताच, नुसती जलपर्णी होती. तरी हा वास तिला ओळखीचा वाटायचा, आणि का, ते सांगता यायचं नाही.

शेवटी साहेब स्वतः आले, दुसरा नमुना घ्यायला. वरवरचा नको, गासडीच्या पोटातला पाहिजे म्हणाले. सील काढलं. दुपारची वेळ, शेडमध्ये पत्र्याची उष्णता. सफीकुल नावाचा मुर्शिदाबादचा कामगार गासडी फोडायला पुढं झाला. ताग त्याच्या गावचंच पीक, त्यामुळं असल्या कामाला तोच. त्यानं पट्ट्या तोडल्या. गासडी एखाद्या माणसानं श्वास सोडावा तशी सैल झाली. त्यानं आत कोपरापर्यंत हात घातला, एक जुडी ओढली, आणि तो जागीच थांबला.

"दीदी," तो म्हणाला. "ये जूट नहीं है।"

सोनेरी तागाच्या जुडीत एक काळी वेणी होती. हातभर लांब, तिपेडी, टोकाला निळ्या चिंधीचा तुकडा बांधलेला. दाबानं चपटी झाली होती, पण एक पेड सुटला नव्हता.

साहेबांनी ती पेनाच्या टोकानं बाजूला केली. मग तागाची जुडी उचलून उजेडात धरली. बुडख्याकडं सालीचे कडक तुकडे तसेच होते, मधे काडीचा भुसा अडकलेला. "विंचरलेला नाहीये," ते म्हणाले. "कच्चाच आहे." त्यांनी नमुना पिशवीत भरला, सही केली. जाताना वेणीकडं न बघता म्हणाले, "ते काढून टाका तेवढं."

"ही कशी आली असेल?" सुवर्णानं सफीकुलला विचारलं.

तो हात पँटला पुसत होता. म्हणाला, गासड्या दाबायच्या यंत्राजवळ बायकाच काम करतात. ताग ओढताना केस जातात आत. त्याच्या गावी एकीची तर डोक्याची कातडी गेली होती. वेणीला हात लावायला तो तयार होईना, टाकून द्यायलाही नाही. कचऱ्यात बाईचे केस टाकायला सुवर्णाचाही हात होईना. तिनं नमुन्याच्या एका रिकाम्या पिशवीत वेणी घातली आणि पर्समध्ये ठेवली. वाटेत कुठंतरी वाहत्या पाण्यात सोडू, असं मनाशी ठरवलं.

पण सोडली नाही. ओढ्यावर तिनं स्कूटी थांबवली, पर्स उघडली, आणि पाणी बघून तिला ते जमेना. ती तशीच घरी आली.

विठाबाई ओसरीवर होती. सुवर्णा पायरी चढली, तशी म्हातारीनं मान वर केली आणि नाकपुड्या फुगवल्या.

"काय आणलंस गं?"

"काही नाही, आत्या."

"वास येतुया. कुजणीचा."

सुवर्णाला खोटं बोलता आलं नाही. तिनं पिशवी काढून पुढं ठेवली. विठाबाईनं वेणी बाहेर काढली, पदरावर घेतली, आणि तिच्या घशातून असा आवाज निघाला, की रविराज गोठ्यातून पळत आला.

"आली," विठाबाई म्हणत होती. "आली माझी बाई. कुठं कुठं फिरलीस गं?"

रविराजनं ते बघितलं आणि तो बायकोवर भडकला. "अक्कल हाय का तुला? कुठल्या मेलेल्या बाईचं हे, आन् घरात आणलंस? आण इकडं, जाळून टाकतो."

"हात लाव, मग बघ," विठाबाई म्हणाली.

तेवढ्यात हौसराव उठला. कोपऱ्यातल्या बाजेवर पडून असायचा तो, कुणाच्या बोलण्यात नसायचा. भिंत धरत धरत आला, बायकोशेजारी बसला आणि हात पुढं केला. विठाबाईनं वेणी दिली. म्हाताऱ्यानं ती उलटी केली. निळ्या चिंधीकडं बघितलंच नाही. वरचं टोक, जिथून ती कापली होती ते, डोळ्यांजवळ नेलं, त्यावर अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"ही आपल्या अनिताची न्हाई," तो म्हणाला.

ते नाव त्या घरात इतक्या वर्षांत त्याच्या आवाजात कुणी ऐकलेलं नव्हतं. रविराज खाली बसला.

"आपली इळ्यानं कापली हुती," हौसराव सावकाश म्हणाला. "एका घावात तुटंना. मी तीन येळा वडला इळा. पाण्यात हात चालत न्हाई. तिचं टोक वर-खाली, करवतल्यावानी आसंल. हे बघ, हे कसं सरळ हाय. कातर हाय ही. एकदाच चालवलीय. कुणीतरी जवळ हुतं, हातात कातर हुती, आन् येळंवर चालवली."

विठाबाईनं हलक्या आवाजात विचारलं, "म्हंजी पोरगी वाचली?"

"वाचली आसंल."

"वाचलीच आसंल," विठाबाई म्हणाली. तिनं वेणी परत मागून घेतली. आता मघासारखी उराशी धरली नाही. दुसऱ्याचं पोर मांडीवर घ्यावं तशी जपून धरली. थोड्या वेळानं सुनेला म्हणाली, "सुवर्णे, जित्या माणसाची चीज हाय. तिची तिला धाडून दे."

सुवर्णानं खरंच खटपट केली. सुमितला फोन करून विचारलं, की केस परत पाठवायचे तर कसे. तो आधी हसला. मग ती हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं. "पाठवता येतील, मॅडम," तो म्हणाला. "घर आहे त्यांना पुस्तकात. पण कुणाला पाठवणार? पत्ता लागतो." तिनं बांगलादेशातल्या व्यापाऱ्याच्या कारकुनाला निरोप धाडला, फोटोसकट. त्याचं उत्तर यायला बरेच दिवस लागले. त्यानं मोडक्या हिंदीत सांगितलं, की गासड्या दाबायच्या प्रेसवर अशी एक पोरगी होती खरी. केस अडकले, मुकादमाच्या बायकोनं कात्रीनं कापले, पोरगी वाचली. पण त्याच आठवड्यात ती काम सोडून गेली. नाव? नाव कोण विचारतं, मॅडम, रोजानं येतात. नदीचं पात्र फिरलं की गावंसुद्धा हलतात तिकडं.

सुवर्णानं हे घरी सांगितलं. विठाबाईनं नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली. "येईल मागायला," ती म्हणाली.

पुढच्या शुक्रवारपासून दर शुक्रवारचा एक नेम सुरू झाला. विठाबाई न्हाऊन यायची, ओसरीच्या उन्हात बसायची, वेणी मांडीवर घेऊन पेड सोडायची, खोबरेल लावायची, फणी फिरवायची आणि पुन्हा घालायची. निळी चिंधी धुऊन वाळवायची. शेजारणींनी येणं कमी केलं. भावकीतला हौसरावाचा चुलतभाऊ कोंडिबा एकदा समजवायला आला, 'वहिनी, असलं घरात ठेवू नये'. तर ती म्हणाली, "परक्याची अमानत हाय, भावजी, मळवून कशी द्यू?" रविराज जेवायला मागच्या दारी बसू लागला. आणि अनुपमाचे केस खांद्याखाली गेले, तरी त्या वर्षी आजीनं कात्री काढली नाही.

तपासणीचा निकाल आला. ताग, कच्चा, कुजवलेला. कागदावर होतं तेच. सील कायमचं निघालं, यंत्रं सुरू झाली, त्या गासड्यांचे थर होऊन मोटारींच्या दारांत जाऊन बसले. वेणीबद्दल अहवालात एक अक्षर नव्हतं. सुवर्णाला ते सारखं टोचायचं. गाडीतून येता-जाता शिक्रापूरच्या चौकात मोटारींची रांग लागली, की तिला वाटायचं, यातल्या कुठल्या दारात त्या पोरीचे सुटे केस असतील. काच खाली करून कुणीतरी कोपर टेकून बसलंय, आणि त्याच्या कोपराखाली ती.

हिवाळ्यात विठाबाई न्यूमोनियानं आजारी पडली. दौंडच्या दवाखान्यात नेली, बरी करून आणली, आणि घरी आल्यावर आठवड्याभरातच ती गेली. शेवटच्या दिवसांत तिनं सुवर्णाला जवळ बोलावलं. "ते केस वाढत्यात, बघितलंस का?" ती म्हणाली. "मी चिंधी बांधते ती दर खेपंला खाली जाती."

"आत्या, असं कसं होईल?"

"माप घिऊ नको पर," विठाबाई म्हणाली. "माप घेतलं की थांबत्यात."

सरण रचलं तेव्हा रविराजनं वेणी आणली होती. आईबरोबर जाऊ दे, असं त्याच्या मनात होतं. हौसरावानं काठी आडवी घातली. "जित्या माणसाचं सरणावर घालत न्हाईत," तो म्हणाला. मग वेणी घरी परत आली आणि फळीवरच्या स्टीलच्या डब्यात गेली.

पहिला शुक्रवार सुवर्णानं तसाच जाऊ दिला. दुसऱ्या शुक्रवारी ती कामावरून आली, हातपाय धुतले, आणि आपण डबा कधी काढला ते तिचं तिलाच कळलं नाही. केस मऊ होते, थंड होते. तेल लावताना तिला रडू आलं, आणि ते कुणासाठी, सासूसाठी, अनितासाठी, की त्या नदीकाठच्या नाव नसलेल्या पोरीसाठी, हे तिला सांगता आलं नसतं. माप तिनं घेतलं नाही. अजूनही घेतलेलं नाही.

हौसराव मात्र बोलायला लागलाय. आधी एखादं वाक्य. मग दोन. आता संध्याकाळी सून चहा घेऊन बसली, की तो आपणहून सुरू करतो. अनिता झाडावर कशी चढायची, बाभळीचा डिंक चोरून कसा खायची, बैलांना हाका मारताना तिचा आवाज नदीपलीकडं दौंडच्या बाजूला कसा जायचा. सुवर्णा ऐकते. जिला तिनं कधी पाहिलं नाही, तिचं हसणंसुद्धा आता तिला माहीत झालंय.

परवा तिनं रताळी उकडली होती. म्हाताऱ्यापुढं ताटली ठेवली, तर त्यानं त्यातलं एक बाजूला काढलं, सालीसकट, मोठं बघून.

"मामा, खा की, आहेत अजून," सुवर्णा म्हणाली.

"ऱ्हाऊ दे," हौसराव म्हणाला. "अनिताला लई आवडतं. गरम आसलं म्हंजी भांडून घेती."

तो रस्त्याकडं बघत होता. नदीकडून वारं येत होतं. सुवर्णा आत गेली, दुसरी ताटली घेऊन आली, आणि ते रताळं गरम राहावं म्हणून तिनं तिच्याखाली झाकून ठेवलं.